मागून येणारे गद्रेकाका

उज्जैनला बदली होऊन मला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ माझ्या मागे लागले.

मागे लागले म्हणजे शब्दशः. माधव नगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपासून टावर चौकाजवळच्या आमच्या बँकेपर्यंत पायी वीस मिनिटांची वाट. त्या सकाळी गल्लीच्या तोंडापासूनच पाठीमागे सायकलची टिकटिक सुरू झाली. सायकल म्हटली की ती पुढे निघून जायला हवी. ही जाईना. मी सावकाश चालले की टिकटिक सावकाश, मी झपाझप चालले की टिकटिक झपाझप. शेवटी एका पोह्याच्या गाडीपाशी, म्हणजे चार साक्षीदार मिळतील अशा जागी, मी गर्रकन वळले.

सत्तरी ओलांडलेले एक सडपातळ गृहस्थ सायकल हातात धरून माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. पांढरा सदरा, जाड चष्मा, आणि पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा गुलाबी चिमटा. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत त्यांना विचारलं की काय काम आहे. त्या हिंदीवरूनच त्यांनी मला ओळखलं असावं, कारण उत्तर मराठीत आलं.

"काही नाही. आपण चला, मी मागेच आहे."

याने कुणाला धीर येईल असं त्यांना का वाटलं, देव जाणे. मी म्हटलं, पोलिसांना बोलावते. ते म्हणाले, अवश्य बोलवा, पण त्यांना सांगा की पैदल या, इथे जीप घुसवली तर लोकांची परेशानी होते.

पोह्याच्या गाडीमागचा राधेश्याम हातातला झारा तसाच ठेवून मध्ये पडला. "मॅडम, डरो मत," तो म्हणाला, "ये गद्रे अंकल हैं. ये सबके पीछे ऐसे ही चलते हैं."

ते खरं होतं. गद्रेकाका सगळ्यांच्याच मागे चालत. पुढे पायी माणूस दिसला की दहा पावलं आधी सायकलवरून उतरायचं, आणि तो आपणहून बाजूला होईपर्यंत त्याच्या मागून सायकल हातात धरून चालायचं, हा त्यांचा नियम होता. घंटी वाजवायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. हँडलवर तिच्या जागी एक गंजका गोल डाग तेवढा होता.

"घंटी म्हणजे हुकूम झाला," ते मला पुढे एकदा समजावून सांगत होते. "रस्ता पैदल माणसाचा. आपण चाकावरचे लोक किरायेदार. किरायेदारानं मालकाला सरक म्हणायचं नसतं."

आता फ्रीगंजच्या, म्हणजे आमच्या माधव नगराच्याच, रस्त्यावर सकाळी दहा वाजता पुढे माणूस नाही अशी दहा पावलं सापडणं कठीण. त्यामुळे काका सायकलवर बसण्यापेक्षा उतरण्यातच जास्त वेळ घालवत. त्यांच्याबरोबर घरातून निघालेले शेजारी टावरला जाऊन, भाजी घेऊन परत यायला लागत तेव्हा काका त्यांना अर्ध्या वाटेत भेटत. रस्त्यात गाय असली तर तिच्यासाठीही उतरत, कारण गायही पैदलच. एकदा एक गाय बसलेली होती. मी म्हटलं, काका, ही चालत नाहीये, बसलीय. तर म्हणाले, उठेल ना कधी तरी. असंच चालायचं असेल तर सायकल घरी का ठेवत नाही, असंही मी विचारून बघितलं होतं. त्यांना ते लागलं. "म्हणजे मी सायकलवाला नाही का?" एवढंच बोलून ते आठवडाभर माझ्या मागे पंधरा पावलांवरून चालले.

पण माणूस गोड होता. मी नवरा-मुलीला सांगलीत ठेवून आलेली, मराठी ऐकायला तरसलेली, आणि काकांचं घर माझ्या गल्लीतच, चौथं. हळूहळू आम्ही बोलत बोलत जायला लागलो, म्हणजे मी पुढे आणि ते मागे. बरोबरीने चालायला ते तयार नसत. दोघं शेजारी चाललो तर तिसऱ्यानं कुठून जायचं, हा त्यांचा सवाल. त्यामुळे काकांचं सगळं आयुष्य मी मानेच्या मागच्या बाजूने ऐकलं आहे.

त्यांचे पूर्वज शिंदेशाहीत कारकून म्हणून इकडे आले. सात पिढ्या झाल्या, मूळ गाव कोकणात कुठे तरी आहे, नाव विसरले. मराठी घरात टिकली, पण तिला माळव्याची हवा लागलेली. काका "मी जाऊन राहिलो आहे" म्हणत आणि माझ्या "मी चाललेय"ला हसत. ते इथल्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी मांडायला, होते. पाळी सुटली की फाटकातून शेकडो सायकली आणि तितकेच पायी लोक एकदम बाहेर पडत, पण कुणी कुणाला लागत नसे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. मिल बंद पडली. मग त्यांनी घरोघरी सायकलवर फिरून गणिताच्या शिकवण्या केल्या. मुलगा बंगळूरला. बायकोचा उल्लेख ते "आमच्या घरी" असा करत. आमच्या घरी आज पित्त झालंय, आमच्या घरी कढी आवडत नाही. ह्या "आमच्या घरी"ला मी कधी रस्त्यावर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जुन्या वळणाच्या असतील.

मग आमच्या रस्त्याला पट्टी आली.

एका सकाळी बघितलं तर फुटपाथच्या अर्ध्या भागाला हिरवा रंग दिलेला, आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरावर पांढरी सायकल काढलेली. उरलेल्या अर्ध्यात पायी चालणारा पांढरा माणूस. म्हणजे आधीच जो फुटपाथ एका माणसाला पुरत नव्हता, तो आता सायकलवाले आणि पायी चालणारे यांनी वाटून घ्यायचा होता. रस्ता मात्र सगळाच्या सगळा मोटारींकडे राहिला.

त्या सकाळी काका इतके खूश होते की मला बघूनही सायकलवरून उतरायचं विसरले. शेजारी दोघांची चित्रं काढली आहेत म्हणजे कुणी तरी विचार केलाय, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू झाली.

आमच्या भागातल्या निवृत्त मंडळींचा एक हास्य क्लब आहे. ते बागेत हसून झालं की चौघंचौघं ओळीने, हात हलवत चालतात. हिरवी पट्टी त्यांना गालिच्यासारखी वाटली. त्याच वेळी हेल्मेट आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून महागड्या सायकली चालवणारा एक गट यायचा, दातांचे एक डॉक्टर त्यांचे पुढारी. त्यांना वाटलं, ही आपल्यासाठीच आखलीय. ते मागून घंट्या वाजवत येत, हास्य क्लब मुद्दाम सरकत नसे. एकदा एका आजोबांची काठी चाकात गेली, एकदा एका सायकलवाल्याला हास्य क्लबने दम भरला. बंगल्यांतून कामाला जाणाऱ्या बायका दोन्हीकडून शिव्या खात आणि मुकाट्याने रस्त्यात उतरून मोटारींच्या मधून चालत.

काकांनी दोन्ही बाजूंची बैठक बोलावली. रविवारी सकाळी, बागेत. घरून मोठ्या कागदावर नकाशा काढून आणला होता, त्यात कुणी कुठून जायचं त्याच्या निळ्या आणि लाल रेघा. सगळे मिळून अकरा जण आले. काका नकाशा उलगडेपर्यंत दातांचे डॉक्टर म्हणाले की पट्टीवर सायकलचं चित्र आहे, तेव्हा पायी लोकांनी निघावं. हास्य क्लबचे अध्यक्ष म्हणाले की मुळात हा फुटपाथ आहे, तेव्हा सायकलवाल्यांनी निघावं. काका म्हणत होते की आपण दोघंही एकाच हातभर जागेसाठी भांडून राहिलो आहोत, जरा तिकडे बघा, तो चार चाकांवाला पूर्ण रस्ता घेऊन बसलाय. पण अकरापैकी नऊ जण बागेत आपापल्या मोटारीनेच आले होते, त्यामुळे तो मुद्दा कुणाला पसंत पडला नाही. अर्ध्या तासाच्या वादानंतर एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. गद्रेजींनी आता घरी आराम करावा.

काका नकाशा घेऊन संबंधित दफ्तरात गेले. तिथल्या तरुण साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि आपला नकाशा दाखवला. त्यात सगळं होतं. सायकलींना जागा, पायी लोकांना जागा, मध्ये झाडंसुद्धा. "अंकल, नक्शे में तो जगह है," साहेब म्हणाले. हे मला सांगताना काकांच्या आवाजात पहिल्यांदाच काही तरी तुटल्यासारखं वाटलं. त्यांनी टाइम ऑफिसात आयुष्य काढलेलं. रजिस्टरात हजर असलेला माणूस कामावर नसला तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. नकाशातली जागा जमिनीवर नसली तर काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांत पट्टीवर मोटारी उभ्या राहायला लागल्या. राधेश्यामने पोहे खाणाऱ्यांसाठी तिथे बाक टाकला. पांढऱ्या सायकलीचं पुढचं चाक पुसलं गेलं, पांढऱ्या माणसाचं डोकं गेलं. तरी उरलेल्या तुकड्यासाठी हास्य क्लब आणि हेल्मेटवाले तितक्याच नेमाने भांडत राहिले.

काकांनी मग स्वतःच उभं राहायला सुरुवात केली. रोज सकाळी सात ते आठ, वळणावर, पट्टीवर सायकल आडवी लावून. पायी माणूस वळणावर आला की सायकलवाल्यांना हात करून थांबवायचे. लोक हसत. कुणी त्यांना ट्रॅफिक हवालदार म्हणे, कुणी याहून वाईट. मी दोनदा सांगितलं, काका, सोडा. ते म्हणाले, "एक तास तर आहे."

एका सकाळी दातांचे डॉक्टर भरधाव आले, हात बघितला नाही आणि थेट काकांवर आदळले. काका पडले, चष्मा फुटला, कोपर सोलपटलं. हास्य क्लब धावत आला आणि त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरली. ते काकांनी जमिनीवर बसूनच थांबवलं. चूक त्यांची नाही, इथे वळण आंधळं आहे, असं ते सांगत राहिले. हास्य क्लबला राग आला की आम्ही तुमची बाजू घेतो आणि तुम्ही त्याची घेता. डॉक्टर बिचारे इतके घाबरले की त्यांच्या तोंडून आभारसुद्धा निघेनात. दोन मिनिटांत सगळे पांगले. मी काकांना ऑटोत घातलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेले.

दार त्या "आमच्या घरी"नी, म्हणजे इंदूकाकूंनी, उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, हातात चार पायांची काठी. मी काय झालं ते सांगायला लागले तर त्यांचं लक्ष माझ्या आवाजाकडे नव्हतंच, ओठांकडे होतं. मग माझ्या ध्यानात आलं. त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं.

काका त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि सावकाश, प्रत्येक शब्द ओठांनी घडवत म्हणाले की काही नाही, चप्पल निसटली. काकूंनी हळद आणली. हळद लावता लावता, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, त्यांनी विचारलं की आज रस्त्यावर कसं काय होतं.

काका सांगायला लागले, आणि मी ऐकतच राहिले. आज हास्य क्लबवाले एका ओळीत चालत होते. सायकलवाले तर आता आपणहून उतरतात, हात जोडतात. पट्टीवर कुणी गाडी लावत नाही. राधेश्यामने गाडी मागे घेतली. कडेला बाकडी टाकली आहेत, तिथे बायका बसलेल्या असतात.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "खरंच का हो असं झालंय?"

काका माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या कोपराकडे बघत होते. मी मान हलवली. हो म्हटलं.

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. काकू मंडईतून पिशवी घेऊन पायी येत होत्या, काका शिकवणीहून सायकलवर. पाठमोऱ्या दिसल्या तशी त्यांनी घंटी वाजवली.

"चाळीस वर्षं ताई, मी घंटी वाजवली की ही मागे न बघता डावीकडे सरकायची. माझी घंटी ओळखायची. मग मी बाजूनं जाऊन पिशवी घ्यायचो. त्या दिवशी मी ह्याच भरवशावर आलो, आणि ही सरकलीच नाही."

कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी काही विचारलं, काकूंनी भलतंच उत्तर दिलं, तेव्हा उघडकीला आलं की दोनेक वर्षं त्यांचं ऐकणं कमी कमी होत गेलं होतं. नवरा शिकवण्यांनी दमतो, त्यात आणखी हे कशाला, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. अंदाजाने बोलून निभावत होत्या.

"एका घरात राहून मला समजलं नाही," काका म्हणाले. "समजलं कसं, तर सायकल घालून."

हाड जुळलं, पण भीती बसली. मागून काय येतं ते कळत नाही म्हणून काकू चार वर्षांत फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. रस्ता सुधारला तर येईल, म्हणून हे सगळं चाललं होतं, आणि रस्ता सुधारेना म्हणून ते रोज घरी येऊन थोडा थोडा तोंडाने सुधारत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात. चेहरा पांढरा पडलेला. काकू म्हणाल्या होत्या की बँकेतल्या ताईसुद्धा हो म्हणतात म्हणजे खरंच असेल, तर रविवारी मी येते, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत.

खोटं दोघांचं होतं, तेव्हा निस्तरायचं दोघांनी. चार दिवस आम्ही घरोघरी हिंडलो. मागणं एवढंच की रविवारी सकाळी साडेसात ते पावणेआठ, पंधरा मिनिटं, हा रस्ता असायला हवा तसा असू द्या. हास्य क्लबच्या अध्यक्षांनी अट घातली की आधी सायकलवाल्यांनी कबूल करावं. सायकलवाल्यांची अट बरोबर उलटी. मोटारवाल्यांपैकी तिघांनी बघू म्हटलं, एकाने दारच उघडलं नाही. राधेश्यामने बाक उचलायचं कबूल केलं, पण रविवारी पोह्यांची गर्दी असते, पंधराच्या सोळा मिनिटं नको, म्हणाला. दातांच्या डॉक्टरांकडे जायला काका तयार नव्हते, त्यांना शरम वाटेल म्हणून. मी एकटी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रविवारी काकू निघाल्या. निळी साडी, केसांत जाईची वेणी, हातात ती चार पायांची काठी. त्यांच्या मागे दहा पावलांवर काका सायकल धरून, आणि मी त्यांच्याही मागे.

तीन मोटारी हलल्या होत्या, दोन तशाच होत्या. राधेश्यामचा बाक नव्हता. हास्य क्लब समोरून आला आणि खरोखर एका ओळीत आला, शाळेतल्या मुलांसारखा. पुढे हेल्मेटवाले सात-आठ जण सायकलींवरून उतरून कडेला उभे होते, डॉक्टर सगळ्यांत पुढे. काकू जवळ आल्या तसं डॉक्टरांनी हेल्मेट काढलं आणि हात जोडले. काकूंनी काठी सावरून मान लववली. मी दोन पावलं पुढे होऊन काकांकडे बघितलं. ते रडत होते, आणि दोन्ही हात सायकलीला असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

मारुती वीस पावलांवर राहिला असेल. रस्ता तुंबलेला बघून एक मोटरसायकलवाला पट्टीवर चढला आणि हॉर्न दाबत आमच्या मागून आला. मी कशीबशी बाजूला झाले. काकू आपल्या चालत होत्या. त्यांना हॉर्न ऐकू येणार कसा. काकांनी मागे बघितलं आणि आपली सायकल त्याच्यापुढे आडवी टाकून दिली.

मोटरसायकल तिच्यावर चढली, लटपटली आणि थांबली. सायकलचं मागचं चाक चेपून गेलं. तो पोरगेला गृहस्थ ओरडायला लागला की बीच में क्या तमाशा लगा रखा है. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. ज्या बाईसाठी त्याला गप्प करत होते तिला तोफ वाजली तरी ऐकू आली नसती, पण त्यांनी बोट ठेवलं, आणि इतक्या काकुळतीने ठेवलं की तो माणूसही गप्प झाला. हास्य क्लब, हेल्मेटवाले, राधेश्याम, मारुतीपाशी उभी असलेली माणसं, सगळे जागच्या जागी थिजलेले. काकू मारुतीपर्यंत गेल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला, मग वळल्या. तोवर डॉक्टरांनी मोटरसायकलवाल्याला काढून दिलं होतं, आणि काका सायकलपुढे असे उभे होते की मोडकं चाक त्यांच्या पायांमागे लपावं.

घरी परत आलो तेव्हा आठ वाजायला आले होते. राधेश्यामचा बाक केव्हाच जागेवर आला होता, आणि बागेच्या कोपऱ्यावर हास्य क्लब नि हेल्मेटवाले ही पंधरा मिनिटं कुणामुळे जमली यावरून पुन्हा हमरीतुमरीवर आले होते.

काका अंगणात चाक खटपटत बसले. काकूंनी मला स्वयंपाकघरात चहाला बसवलं. म्हणाल्या, मोटरसायकलवाल्याला फार लागलं का हो.

मी दचकले. तुम्ही बघितलंत, असं मी ओठांनी विचारलं.

"मागे नाही बघितलं. समोरच्या लोकांची तोंडं बघितली, ओठ वाचले की मागे काय झालं ते कळतं. बहिऱ्या माणसाला तेवढं येतं." त्यांनी खिडकीकडे हात केला. "आणि इथून कोपऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो ना. ऐकू येत नाही, दिसतं तर. कुठली बाकडी आणि कुठलं काय."

मग आलात कशाला, मी विचारलं.

त्या चहा गाळत राहिल्या. गाळता गाळताच म्हणाल्या, "चार वर्षं एकटेच जातात, लोकांचं ऐकून घेतात, आणि येऊन मला छान छान सांगतात. म्हटलं, एक दिवस सोबत करावी. पण मेलं फार भ्यायला झालं मला. परत नाही व्हायचं माझ्यानं." मग चहाचा कप माझ्या हातात देत, "त्यांना नका सांगू."

काका हात पुसत आत आले. बोटांना चेनचं काळं लागलेलं. काकूंसमोर जाऊन, ओठ नीट दिसतील असे उभे राहिले, आणि सावकाश विचारलं, "उद्या पण येशील?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"रस्ता फारच सुधारलाय हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणून तर सगळेच यायला लागलेत. मला एवढी गर्दी नाही सोसत. तुम्ही आपले जाऊन या, आणि मला सांगत जा."

काकांनी बोटांचं काळं पुन्हा एकदा पुसून बघितलं. मग म्हणाले, "हां, गर्दी तर आहे," आणि चहाला बसले.